शंभराचे कर्ज आणि संगमावरचे पिशाच

१/
३१ ऑक्टोबर. मेलेली माणसे या रात्री जिवंतांच्या दारी येतात, या जुन्या युरोपीय समजुतीतून हॅलोवीनचा सण घडला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडेही अशाच काही विलक्षण भेटींचा लिखित वारसा आहे. त्यात पाठलाग करणारे पिशाच आहे, दुभंगणारी नदी आहे, मध्यरात्री उठून बसणारे प्रेत आहे. आणि या साऱ्याच्या मुळाशी आहे शंभराचे एक न फेडलेले कर्ज. #थ्रेड

२/
आधी स्थळ. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या उजव्या तीरावर कुरुंदवाड वसले आहे. पटवर्धनांच्या या संस्थानाच्या १८५४ मध्ये थोरली व धाकटी अशा दोन पाती झाल्या आणि १९४८ मध्ये दोन्ही मुंबई प्रांतात विलीन झाल्या. पंचगंगेपलीकडे नृसिंहवाडी, म्हणजे सर्वांची ‘वाडी’. कृष्णेपलीकडे औरवाड, म्हणजे पोथीतले अमरापूर. शिरोळ हाकेच्या अंतरावर.

३/
ही पोथी म्हणजे सरस्वती गंगाधर यांचा ‘गुरुचरित्र’ हा सोळाव्या शतकातला ओवीबद्ध ग्रंथ. नृसिंह सरस्वती या संगमावर बारा वर्षे राहिले, अशी परंपरा आहे. भक्त हा ग्रंथ श्रद्धेने वाचतात. इतिहासाचा विद्यार्थी त्याच ग्रंथाला आणखी एक प्रश्न विचारू शकतो: त्या काळच्या माणसांना नेमके कशाचे भय वाटत होते?

४/
पहिली भेट रात्रीची नव्हे, भर दुपारची. गावकऱ्यांना कोडे पडले होते की हे यती भिक्षेला गावात येत नाहीत, मग जेवतात कुठे? पाळत ठेवायला गेलेले लोक भयाने परतले. मग गंगानुज नावाच्या माणसाने पाहिले: पाण्यातून योगिनी बाहेर आल्या, नदी दुभंगली, वाट झाली आणि यती त्यांच्यासह पाण्याखालच्या नगरीत गेले. गंगानुजही मागोमाग गेला. जे पाहिले ते कोणाला सांगू नकोस, अशी ताकीद त्याला मिळाली.

५/
वेळ ध्यानात घेण्याजोगी आहे. पाश्चात्त्य भयकथेत मध्यरात्र महत्त्वाची. मराठी मुलखात मात्र टळटळीत दुपारही तितकीच धोक्याची मानली गेली. बारा वाजता नदीवर, विहिरीवर किंवा पिंपळाखाली जाऊ नये, असे आजीने बजावले नाही असे घर विरळाच. उन्हाने सारे निर्मनुष्य झालेले असते आणि डोहाकाठी एकट्या माणसाच्या मदतीला कोणी नसते. भयाला अंधारापेक्षा एकटेपण अधिक मानवते.

६/
आता मुख्य कथा, २० आणि २१ व्या अध्यायांतली. शिरोळ गावात गंगाधर नावाच्या ब्राह्मणाची पत्नी होती. तिला मुले होत, पण जगत नसत. गावातल्या एका जाणत्याने कारण सांगितले: मागल्या जन्मी तिने शौनक गोत्राच्या एका ब्राह्मणाकडून शंभर घेतले आणि परत केले नाहीत. त्या दुःखात त्याने प्राण दिला. त्याची उत्तरक्रिया कोणी केली नाही. तोच पिशाच होऊन तिची मुले नेतो आहे.

७/
उपाय असा: संगमावर औदुंबराची सेवा करायची, त्या मृताची उत्तरक्रिया करायची आणि त्याच्या गोत्राच्या ब्राह्मणाला शंभर द्यायचे. त्यावर बाईचे उत्तर मनात राहते. देहाने लागेल ती सेवा करीन, पण शंभर कुठून आणू? एका मुलखावेगळ्या भूतकथेत दारिद्र्याचा हा साधा, खरा उद्गार आला आहे.

८/
सेवेला तीन दिवस झाले आणि ते पिशाच तिच्या स्वप्नात आले. पैसे दे, नाहीतर जीव घेईन, असा त्याचा तगादा. ती पळत औदुंबराकडे गेली. तेथे यतींनी पिशाचाला अडवले, तेव्हा ते उलट त्यांनाच बोल लावते: संन्यासी असून तुम्ही पक्षपात करता, माझे बुडाले त्याचे काय?

९/
यती पिशाचाला जाळून टाकत नाहीत. ते मध्यस्थी करतात. हिला जमेल तेवढे ही देईल, तुझी क्रिया करील, ते घे आणि मोकळा हो. हे मान्य नसेल तर तुझे तू पाहा, हिचे रक्षण मी करीन. भूतबाधेचा हा निवाडा थेट गावपंचायतीत व्हावा तसा झाला. ऋणको गरीब, धनको अडलेला, मधला माणूस तडजोड घडवतो. बाईने क्रिया केली आणि पिशाच सुटले.

१०/
ही केवळ कविकल्पना मानली तर इतिहासाचा एक धागा सुटतो. जुन्या काळी कर्ज वसूल करण्याची एक रीत होती: धरणे. धनको ऋणकोच्या दारात अन्नपाणी सोडून बसे. तो दारात मेला तर ते पाप ऋणकोच्या माथी, ही त्या रीतीतली खरी ताकद. याहून उग्र प्रकार म्हणजे त्रागा: स्वतःला किंवा स्वकीयाला इजा करून तिचा दोष दुसऱ्यावर टाकणे. आज आपण चिडचिडीला ‘त्रागा’ म्हणतो, पण शब्दाच्या पोटात रक्त आहे.

११/
ही रीत इतकी रुळलेली होती की १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०८ मध्ये ती उदाहरण म्हणून आली. ‘क्ष’च्या दारात धरणे धरून त्याच्यावर दैवी कोप होईल असे भासवणारा माणूस आणि स्वतःचे मूल मारून त्याचे पाप दुसऱ्यावर टाकण्याची धमकी देणारा माणूस, असे दोन गुन्हेगार कायद्याने तिथे उभे केले.

१२/
आता शिरोळचे पिशाच पुन्हा पाहा. त्याने प्राण दिला, पण ते दारातून उठले नाही. ते म्हणजे मरणानंतरही चालू राहिलेले धरणे होय. ज्या समाजात गरिबाची बुडालेली रक्कम परत मिळवून देईल असे न्यायालय हाताशी नव्हते, तेथे मेलेला धनको आपली वसुली स्वतः करी. निदान तो करील, या भयाने जिवंत माणसे कर्ज फेडत.

१३/
मराठी भाषाही याची साक्ष देते. आपण ऋण फेडतो, नवस फेडतो, आईबापांचे पांग फेडतो आणि उट्टेही फेडतो. देणे आणि सूड यांना एकच क्रियापद. कुरुंदवाडच्या संगमघाटाशी परंपरेने ज्यांची समाधी सांगितली जाते, त्या सेनापती संताजी घोरपडे यांचा १६९७ मधला अंतही असाच. संताजींनी अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिले होते. अमृतरावांचे मेहुणे, म्हसवडचे नागोजी माने यांनी त्याचे उट्टे फेडले आणि संताजींचे मस्तक औरंगजेबाकडे पोहोचले.

१४/
भुतांची पद्धतशीर नोंद मात्र ब्रिटिश काळात झाली. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीद्वारे लोकसमजुती गोळा करवल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळी घातली. अर्धे राहिलेले ते टिपण पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादून प्रसिद्ध केले. कोकण विभागाचा खंड १९१५ चा.

१५/
त्यातली आणि लोकस्मृतीतली यादी अशी. मुंजा: मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला मुलगा. हडळ: बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेलेली स्त्री. जखीण: नवरा हयात असताना गेलेली. लावसट: मेलेली विधवा. समंध: धनात जीव अडकलेला निपुत्रिक. गिऱ्हा: बुडून मेलेला, पाण्यात राहणारा. वीर: लग्नावाचून मेलेला क्षत्रिय.

१६/
या यादीकडे भीती बाजूला ठेवून पाहिले की ती मृत्यूची खानेसुमारी वाटू लागते. पोरवयात मेलेला मुलगा, बाळंतीण, निपुत्रिक, बुडालेला. पूर्ण आयुष्य जगून, नातवंडे पाहून गेलेला म्हातारा या यादीत जवळजवळ नाही. भूत त्याचेच होते, ज्याचे काहीतरी यायचे राहिले होते.

१७/
विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी नोंदींनुसार हिंदुस्थानात जन्मलेल्या दर १,००० अर्भकांपैकी सुमारे २०० वर्षाच्या आत दगावत. नोंद न झालेली वेगळीच. हडळीच्या गोष्टी जिथे घरोघरी सांगितल्या जात, तिथे बाळंतपणात गेलेली एखादी बाईही बहुतेक प्रत्येक कुळात असे. तिचे नाव वंशावळीत राहिले नाही, गोष्टीत राहिले.

१८/
युरोपातही चित्र फारसे निराळे नव्हते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मृतांच्या सणाला गरीब लोक दारोदार फिरत, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करीत आणि मोबदल्यात गोड भाकरीचे तुकडे मिळवत. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला कावळ्याला घास ठेवतात. दोन्हीकडे सूत्र एकच: मेलेल्यांचे देणे वर्षातून एकदा तरी आठवावे.

१९/
या भयाने माणसे देणे फेडत, तसेच ते दुबळ्यांच्या मुळावरही आले. बाधा झाली म्हणून मारहाण, चटके, उपासमार आणि गावातल्या एखाद्या एकट्या बाईवर चेटकीण असल्याचा आळ. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणे आता गुन्हा आहे. भूतकथा जपाव्यात, भूतबाधेवर उपचार मात्र डॉक्टरांकडेच व्हावा.

२०/
शिरोळच्या कथेचा शेवट अजून उरला आहे. पिशाच सुटल्यावर बाईला दोन मुलगे झाले. घरात मुंजीची तयारी सुरू असतानाच त्यांतल्या एकाला धनुर्वात झाला आणि तो गेला. कर्ज फिटले होते, तरी मूल गेले. इथे ती बाई प्रेत द्यायला नकार देते. एक ब्रह्मचारी येऊन तिला देहाच्या नश्वरतेचा उपदेश करतो. सारे कर्मानेच ठरते, तर मग मला वचन का दिले, असा तिचा उलट सवाल. आता धनको ती आहे.

२१/
ती प्रेत पोटाशी घेऊन संगमावर आली आणि पादुकांवर डोके आपटत राहिली. अंधार पडला. चोरांच्या नि रानाच्या भयाने लोक तिला एकटी सोडून घरी गेले, उद्या प्रेताला दुर्गंधी सुटली की आपणच देईल म्हणून. सबंध रात्र औदुंबराखाली एक आई आणि एक प्रेत. नदीच्या दारात धरलेले हे धरणेच.

२२/
पहाटेच्या सुमारास तिचा डोळा लागला. स्वप्नात भस्म फासलेला एक जटाधारी आला. जाग आली तेव्हा मुलाचे अंग ऊन लागले. मूल हलले, उठून बसले. पोथी सांगते की ती आई घाबरली. प्रेतात भूत शिरले असावे, असे तिला वाटले. ज्या मुलासाठी ती रात्रभर देवाशी भांडली, तेच उठल्यावर ती त्याच्यापासून दूर सरली. या साऱ्या वारशातला सर्वांत अंगावर येणारा क्षण हाच.

२३/
मग मुलाने भूक लागली म्हणून सांगितले. भूत असे काही मागत नाही, असे तिच्या मनाने घेतले असावे. तिला पान्हा फुटला.

सकाळी गावकरी दहनाच्या तयारीने आले, तेव्हा ती मुलासह पूजा करीत होती.

ज्यांना हा चमत्कार वाटतो त्यांनी तो जपावा. ज्यांना वाटत नाही त्यांनी एवढे पाहावे: धनुर्वातावर औषध नसलेल्या काळात, या तालुक्यातल्या एका गावच्या आईचे दुःख एका कवीने भुताच्या गोष्टीत घालून आपल्यापर्यंत पोहोचवले. माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्या बाईचे नाव पोथी सांगत नाही.

#इतिहास #कुरुंदवाड #नृसिंहवाडी