फुलाची कळी कुणाच्या सांगण्यावरून येते?

फूल धरावं म्हणून संजीवकाची बाटली आपण सगळेच आणतो. पण कळी निघायला झाडाला काय लागतं, हे कसं कळत गेलं ते आज थोडक्यात लिहितोय.

1955 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मिलर, स्कूग आणि त्यांच्या सोबत्यांनी कायनेटिन शोधलं. 1957 मध्ये स्कूग-मिलर यांनी तंबाखूच्या खोडाचा गाभा काचेच्या भांड्यात वाढवून दाखवला. ऑक्सिन जास्त ठेवलं की मुळं, कायनेटिन जास्त ठेवलं की फुटवे. म्हणजे खरा खेळ दोघांच्या प्रमाणाचा. आपलं केळीचं टिश्यू कल्चर रोप याच हिशोबावर होतं. आधी फुटवे वाढवायचे, मग मुळं काढायची.

फुलाचं कोडं मात्र राहिलं होतं. 1973 मध्ये फ्रान्समध्ये ट्रान थान व्हॅन बाईंनी फुलावर आलेल्या तंबाखूच्या फुलदांड्याची अगदी पातळ साल काढली, पेशींचे मोजके थर. दोन्ही संजीवकं सारखी दिली, तर सालीवर थेट फुलाच्या कळ्या आल्या. प्रमाण बदललं की त्याच सालीवर फुटवे नाहीतर मुळं. पण तंबाखूच्या बुडाकडचा तुकडा घेतला तर फुटवेच यायचे. तुकडा झाडाच्या कुठल्या भागाचा, यालाही तेवढीच किंमत.

पुढची गोष्ट आपल्या पुण्याची. बांबूला जातीनुसार 12 ते 120 वर्षांनी फुलोरा येतो, आणि बहुतेक जातींत मग बेटच मरतं. दोन जातींचा संकर करायचा तर माणसानं किती वाट बघायची? 1990 मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हास यांनी 'नेचर'मध्ये छापलं, की नारळाचं पाणी आणि बीएपी (कायनेटिनच्याच जातकुळीतलं संजीवक) घातलेल्या माध्यमात काटस बांबूला भांड्यातच फुलं आली. बीही धरलं.

बघा, तंबाखूत फुलावर आलेला भाग लागला, बांबूत कोवळ्या रोपापासूनच्या फुटव्यांना फूल आलं. प्रत्येक पिकाचा हिशोब वेगळा.

म्हणून दुकानदार "याने फूल येतंच" म्हणाला, की तीन गोष्टी विचारा. संजीवक कोणतं? किती पीपीएम? पिकाच्या कोणत्या अवस्थेत? उत्तर नसेल तर पैसे खिशातच ठेवा. प्रमाण चुकलं तर फुलाऐवजी पालाच वाढायचा.