प्रणाली अभियांत्रिकी आणि प्रकल्पाची कामगिरी

गुंतागुंतीच्या प्रकल्पातील गरजा, घटक, त्यांचे परस्पर सांधे आणि चाचण्या यांचा आरंभापासून एकत्रित विचार करणारी कार्यपद्धती. हे सांधे आराखड्यातच निश्चित झाले, तर बांधकामानंतरची खर्चिक दुरुस्ती व दिरंगाई कमी होते.

नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा (मंजुरी २०१४) हे या कार्यपद्धतीचे महाराष्ट्रातील एक उदाहरण. प्रकल्प राबविणाऱ्या महामेट्रो (महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशन) या कंपनीने येथे ‘पंचमितीय बिम’ (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) ही संगणकीय पद्धत अवलंबिली. तीत त्रिमितीय प्रतिकृतीला वेळ व खर्च यांची जोड असल्याने आराखड्यातील बदलाचा वेळापत्रकावर आणि अंदाजपत्रकावर होणारा परिणाम तपासता येतो. वर्धा मार्गावरील सु. ३.१४ किमी. लांबीच्या दुमजली पुलावर खाली महामार्गाचा उड्डाणपूल व वर मेट्रो असून दोहोंचे खांब सामाईक आहेत. जमीन वाचली, मात्र भार, पाया आणि कामाचा क्रम महामार्ग व मेट्रो यंत्रणांना एकत्र ठरवावा लागला.

खापरी–सीताबर्डी सेवा मार्च २०१९ मध्ये आणि संपूर्ण पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. नियोजन काटेकोर असले, तरी भूसंपादन, निधी व महामारी यांसारखे बाह्य घटक प्रणाली अभियांत्रिकीच्या कक्षेबाहेर राहतात.