विसंगत विद्युत-प्रणालींची जोडणी : कार्ले-मावळ परिसराच्या औद्योगिक इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासाच्या लेखनात धरणे, कारखाने, भांडवलदार आणि कामगार चळवळी यांना स्थान मिळते. दोन यंत्रे ज्या ठिकाणी एकमेकांना जोडली जातात, त्या जोडणीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. एका देशात बनलेला कन्व्हेअर पट्टा दुसऱ्या देशातील कारखान्यात येतो तेव्हा त्याचा प्लग तेथील सॉकेटमध्ये बसत नाही. मग मध्ये अडॅप्टर घालावा लागतो. ही गोष्ट वरवर पाहता वायरमनच्या अखत्यारीतील वाटते. परंतु तो प्लग का बसत नाही, या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते. प्रस्तुत लेखात कार्ले आणि भोवतालचा मावळ परिसर डोळ्यांसमोर ठेवून या जोडणीच्या तीन अवस्थांचा विचार केला आहे : जलविद्युत, रेल्वे आणि कारखान्यातील कन्व्हेअर.

कार्ले हे या अभ्यासासाठी सोयीचे स्थान आहे. घाटमाथा आणि कोकण यांना सांधणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गावर येथील लेणी खोदली गेली. सुमारे ३८ मीटर लांबीच्या येथील चैत्यगृहात दूरदूरच्या दात्यांचे शिलालेख आहेत. आधुनिक काळात याच मार्गाने लोहमार्ग, महामार्ग आणि वीज आली. लेण्यांसाठी ज्या मळवली स्थानकावर उतरावे लागते, ते मुंबई-पुणे लोहमार्गावर आहे. मार्ग जोडण्याची अडचणही येथे जुनीच आहे. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, परंतु भोर घाटातील मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. मधल्या काळात प्रवाशांना खंडाळा आणि खोपोली यांमधील घाट पालखी, तट्टू किंवा पायी ओलांडावा लागे. दोन पूर्ण व्यवस्थांमधील अपुरा सांधा साऱ्या प्रवासाची गती ठरवतो, हे त्या काळी प्रवाशांनी अनुभवले होते.

जलविद्युत : एका निर्णयाचे दूरगामी परिणाम

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली. लोणावळा, वलवण आणि शिरवटा या तलावांतील पाणी नळांवाटे घाटाखाली नेऊन खोपोली येथे वीजनिर्मिती करण्याची ही योजना होती. पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून येणाऱ्या पाण्यावर चालणारे हे केंद्र फेब्रुवारी १९१५ मध्ये कार्यान्वित झाले. तेथील वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने मुंबईत परळपर्यंत नेली गेली. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे सुरू झाली. भिवपुरीसाठी मावळातील आंध्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण बांधले गेले. भिऱ्यासाठी मुळशी खोऱ्यातील जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्यातून १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला. घाटमाथ्याचे पाणी आणि जमीन देऊन मुंबईच्या गिरण्या चालविण्याची ही व्यवस्था होती, हे विसरून चालणार नाही.

या वीजपुरवठ्यासाठी सेकंदाला ५० आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह निवडण्यात आला. आज हा निर्णय स्वाभाविक वाटतो, परंतु त्या काळी तसे नव्हते. म्हैसूर संस्थानातील शिवसमुद्रम् येथे १९०२ मध्ये सुरू झालेले केंद्र २५ आवर्तनांवर चालत होते. कलकत्त्यात एकदिश प्रवाहाचा पुरवठा मोठ्या प्रमाणावर होता. ज्या कंपनीकडून यंत्रे घेतली, तिची पद्धत त्या शहराची पद्धत झाली. याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. तोक्योने जर्मन जनित्रे घेतल्यामुळे पूर्व जपानात ५० आवर्तने, तर ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतल्यामुळे पश्चिम जपानात ६० आवर्तने रूढ झाली. हा भेद आजही कायम आहे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेची तीव्र टंचाई झाली. परंतु दोन भागांना जोडणाऱ्या परिवर्तक केंद्रांची क्षमता मर्यादित असल्यामुळे पश्चिमेकडील शिल्लक वीज पुरेशा प्रमाणात देता आली नाही. एकोणिसाव्या शतकातील खरेदीची किंमत एकविसाव्या शतकातील नागरिकांनी मोजली.

मुंबईच्या गिरण्यांतही वीज आली म्हणजे सारे बदलले असे झाले नाही. वाफेच्या इंजिनासाठी उभारलेले लांब दांडे, कप्प्या आणि पट्टे अनेक ठिकाणी तसेच राहिले. इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली. नव्या शक्तीला जुन्या यंत्रणेशी जोडण्याचा तो एक सांधाच होता.

लोहमार्ग : सांधा हेच इंजिन

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विजेवरची गाडी चालवली. त्यासाठी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाची प्रणाली स्वीकारली गेली. १९२९ मध्ये हे विद्युतीकरण घाट चढून पुण्यापर्यंत पोहोचले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी याच विजेवर मळवलीवरून धावू लागली. रेल्वेने कल्याणजवळ चोळे येथे स्वतःचे वीजनिर्मिती केंद्रही उभारले.

येथे एक विसंगती निर्माण झाली. वीज प्रत्यावर्ती स्वरूपात निर्माण होत होती आणि इंजिनाला एकदिश प्रवाह हवा होता. त्यामुळे मार्गालगत ठिकठिकाणी उपकेंद्रे उभारून प्रवाहाचे रूपांतर करावे लागे. प्रारंभी फिरती परिवर्तक यंत्रे, पुढे पाऱ्याच्या वाफेवर चालणारे रेक्टिफायर आणि नंतर सिलिकॉनचे रेक्टिफायर असा त्यांचा क्रम जगभर दिसतो. त्या काळच्या मोटरींच्या दृष्टीने एकदिश प्रवाहाची निवड योग्यच होती. चढावर जोर लावणे आणि वेग आटोक्यात ठेवणे या दोन्ही गोष्टी त्या मोटरींना उत्तम साधत. ३७ फुटांत १ फूट चढ असणाऱ्या भोर घाटात ही बाब महत्त्वाची होती.

मात्र १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रान्समधील अनुभव लक्षात घेऊन पुढील विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला. त्यामागील गणित सोपे आहे. ४,००० किलोवॅट शक्तीसाठी १,५०० व्होल्टवर सुमारे २,६६७ अँपिअर प्रवाह लागतो; २५,००० व्होल्टवर तो सुमारे १६० अँपिअर पुरतो. तारेतील ऊर्जाहानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्याच तारेत हा फरक सुमारे पावणेतीनशे पट होतो. साहजिकच नव्या पद्धतीत तार हलकी चालते आणि उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात.

देश एका पद्धतीकडे गेला आणि मुंबईचा परिसर दुसऱ्या पद्धतीत राहिला. ज्याने पहिले पाऊल टाकले त्यालाच मागे पडल्याचा भार सोसावा लागला. या भेदावर उपाय म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने बनवली गेली. १९७५ च्या सुमारास चित्तरंजन येथे डब्ल्यूसीएएम-१ हे इंजिन तयार झाले. ते मुख्यतः पश्चिम रेल्वेवर चालले. १९९० च्या दशकात भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने डब्ल्यूसीएएम-२ आणि डब्ल्यूसीएएम-३ ही इंजिने बनवली. यांतील डब्ल्यूसीएएम-३ मुंबई-पुणे मार्गावरील परिचित इंजिन झाले. दोन प्रवाहांसाठी वेगवेगळे पँटोग्राफ, शिवाय ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि प्रवाह बदलण्याचे स्विच असे सर्व साहित्य या इंजिनांना वाहावे लागे. जेथे दोन प्रणाली भेटत तेथे तारेचा एक निर्विद्युत तुकडा असे. चालक पँटोग्राफ उतरवून गाडी केवळ गतीच्या बळावर पुढे नेई. अशा इंजिनाला चालता-फिरता अडॅप्टर म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. २००७ पासून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या नव्या गाड्याही आल्या. अखेर एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरील एकदिश प्रवाह बंद झाला आणि परिवर्तन पूर्ण झाले. १९५७ चा निर्णय ज्या ठिकाणी पहिली विजेची गाडी धावली तेथे पूर्णत्वास जाण्यास ५९ वर्षे लागली.

कारखाना : कन्व्हेअरचा प्लग

स्वातंत्र्योत्तर काळात मावळाच्या पूर्वेस पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा विकसित झाला. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६० च्या दशकात इटालियन, जर्मन आणि स्वीडिश सहकार्याने चालणारे कारखाने आकुर्डी-चिंचवड परिसरात आले; पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्सच्या रूपाने अमेरिकन तंत्र आले. पुढे हा पट्टा तळेगाव आणि चाकणपर्यंत वाढला. तळेगाव येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन २०२० अखेर थांबले आणि २०२३ मध्ये तो ह्युंदाईने घेण्याचा करार केला. कारखान्याचे मालक बदलतात, यंत्रे एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि प्रत्येक यंत्र आपल्या जन्मभूमीची विद्युत-पद्धत बरोबर आणते.

युरोपात औद्योगिक प्लगचे प्रमाणीकरण प्रथम सीईई-१७ या नियमाने झाले. त्याचेच पुढे आंतरराष्ट्रीय आयईसी ६०३०९ मानक झाले. त्यात ११० व्होल्टसाठी पिवळा, २३० साठी निळा आणि ४०० साठी लाल रंग ठरलेला आहे. अर्थिंगची पिन इतरांपेक्षा जाड असते आणि घड्याळाच्या तबकडीवरील तिचे स्थान दाब व वारंवारतेनुसार बदलते. चुकीचा प्लग चुकीच्या सॉकेटमध्ये बसूच नये, हा त्यामागील हेतू. म्हणजे येथे न बसणे हा दोष नसून तेच संरक्षण आहे. अमेरिकन यंत्रांचे प्लग वेगळ्या, पिळून बसवण्याच्या घडणीचे असतात. भारतातील घरगुती प्लग ब्रिटिश गोल पिनांच्या परंपरेतून आले.

अडॅप्टर या संरक्षणाला वळसा घालतो. तो आकार जुळवतो, परंतु स्वभाव जुळवत नाही. अमेरिकेतील ४८० व्होल्ट, ६० आवर्तनांसाठी बनवलेली मोटर भारतातील ४०० व्होल्ट, ५० आवर्तनांवर चालवली तर दाब आणि वारंवारता यांचे गुणोत्तर दोन्हीकडे ८ च येते. त्यामुळे मोटर जळत नाही आणि जोडणी यशस्वी झाली असे वाटते. प्रत्यक्षात तिची गती एक षष्ठांशाने घटते. मिनिटाला ३० मीटर चालणारा कन्व्हेअर २५ मीटर चालू लागतो. शक्तीही त्याच प्रमाणात कमी होते. मग गीअर किंवा कप्पीचे प्रमाण बदलावे लागते अथवा वारंवारता बदलणारी ड्राइव्ह बसवावी लागते. दुसरा धोका फेजच्या क्रमाचा. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते आणि पट्टा मागे सरकू लागतो. चढावरच्या पट्ट्यावर माल आणि शेजारी माणूस असेल तर ही अदलाबदल प्राणघातक ठरू शकते.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न अर्थिंगचा आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतील ६१ व्या नियमाने स्थिर मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्या आवश्यक केल्या होत्या. एक तुटली तरी दुसरी कामगाराचे रक्षण करील, हा त्यामागील विचार. ‘तात्पुरता’ म्हणून बसवलेला अडॅप्टर महिनोन्‌महिने तसाच राहिला आणि मोटरचा सांगाडा त्यातील एका पिनेवर विसंबून राहिला, तर नियमाचा गाभाच हरवतो. उत्पादन चालू असते, पट्टा फिरत असतो. उणीव दिसते ती केवळ अपघाताच्या क्षणी.

समारोप

वरील तिन्ही अवस्थांमधून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, विसंगती ही अज्ञानातून जन्मत नाही. १९२५ चा निर्णय त्या काळासाठी योग्य होता आणि १९५७ चाही. दोन योग्य निर्णयांच्या मधली फट भरण्यासाठी अडॅप्टर लागतो. दुसरी, जोडणीचे मोल ती कोण करतो यावर अवलंबून असते. रेल्वेसारख्या संस्थेने तो सांधा इंजिनात बांधला, त्यासाठी कारखाने, चाचण्या आणि प्रशिक्षित चालक उभे केले. कारखान्याच्या कोपऱ्यात मात्र तोच सांधा बहुधा एका वायरमनच्या कौशल्यावर आणि विवेकावर सोपवला जातो. तिसरी, निर्णय घेणारे आणि त्याची किंमत मोजणारे क्वचितच एक असतात. मावळाच्या पाण्याचा निर्णय मावळात झाला नव्हता. त्याचप्रमाणे यंत्र खरेदी करणारा आणि पट्ट्याजवळ उभा राहणारा हे एक नसतात.

या दृष्टीने औद्योगिक वारशाच्या नोंदींत केवळ धरणे आणि इंजिने यांचाच नव्हे, तर उपकेंद्रे, स्विच, प्लग आणि वायरमनांच्या नोंदवह्या यांचाही समावेश व्हायला हवा. अभियांत्रिकी आणि इतिहास या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून तळेगाव-पिंपरी परिसरातील निवृत्त तंत्रज्ञांच्या आठवणी नोंदवल्या, तर लिखित साधनांत न सापडणारे बरेच काही हाती येईल. हे काम वेळेत होणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकात परदेशी यंत्रे पहिल्यांदा उघडून जोडणारी पिढी आता वृद्धापकाळात आहे आणि त्या जोडण्यांचे ज्ञान बहुतांशी तिच्या स्मरणातच साठलेले आहे.