पाठुंगळीचा इतिहास

मूल आपल्या पायांनी चालू लागेपर्यंत कोणीतरी त्याला उचलून घ्यावे लागते. ही गोष्ट इतकी उघड आहे की, इतिहास लिहिणाऱ्यांनी तिची दखल क्वचितच घेतली. राजांच्या तलवारी वस्तुसंग्रहालयांत जपल्या गेल्या. ज्या कापडात आयांनी मुले बांधली ते कापड मात्र विटले, विरले आणि शेवटी त्याचे पोतेरे झाले. या विषयाचा मागोवा घ्यायचा तर तो चित्रांत, शिल्पांत आणि भाषेतच घ्यावा लागतो.

आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. मूल कडेवर असते, खांद्यावर असते, मांडीवर असते, पाठुंगळीला असते. प्रत्येक आसनाला स्वतंत्र शब्द आणि प्रत्येकाचे वय वेगळे. मान न सावरणाऱ्या बाळाला कोणी पाठुंगळीला घेत नाही आणि तीन वर्षांच्या दांडगोबाला कोणी हातांच्या पाळण्यात घेत नाही. मूल कोणत्या महिन्यात कसे उचलावे याचे ज्ञान भाषेत असे मुरलेले आहे. आज दुकानात टांगलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या पिशव्यांपुढे उभे राहिलेले आईबाप गोंधळतात, तेव्हा हे जुने शहाणपण त्यांच्या मदतीला येऊ शकते. मात्र त्या पिशव्या कोठून आल्या हे आधी पाहिले पाहिजे.

पाठीवर बांधलेल्या मुलाचे आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध चित्र झाशीच्या राणीचे. घोडा उधळलेला, हातात तलवार आणि पाठीशी शेल्याने बांधलेला दामोदरराव. गावोगावच्या पुतळ्यांनी हे दृश्य आपल्या मनावर कोरले आहे. तारखा मात्र शिल्पकारांना थोड्या अडचणीत टाकतात. दत्तकविधान झाले १८५३ साली, आणि तेव्हाच मूल पाचएक वर्षांचे होते. राणीने झाशी सोडली ती १८५८ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे पाठीवरचे मूल आठ-नऊ वर्षांचे असणार! पुतळ्यांतले बाळ त्या मानाने फारच लहान दिसते. शिल्पकारांना इतिहासापेक्षा आईपण दाखवायचे होते, हे उघड आहे.

दुसरे चित्र आपल्या श्रद्धेच्या परंपरेतील आहे. इटलीतील पादुआ शहरात स्क्रोवेन्यी नावाचे एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर ज्योत्तो या चित्रकाराने १३०५ च्या सुमारास पवित्र कुटुंबाचे इजिप्तला पलायन रंगवले. मरियामाता गाढवावर ताठ बसली आहे आणि बाळ येशू तिच्यापुढे आहे. नीट पाहिले तर एक पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र मातेच्या गळ्यात अडकवलेले दिसते आणि बाळाचा भार त्यात तोलून धरलेला आहे. ज्योत्तोने हे शास्त्रग्रंथातून घेतले नाही, कारण शुभवर्तमानात अशा कापडाचा उल्लेख नाही. लांबच्या वाटेला निघालेल्या बायका मुलाला कशा बांधून घेतात हे त्याने रस्त्यावर पाहिले असले पाहिजे. सातशे वर्षांपूर्वीच्या युरोपात झोळी होती, याची ती भिंत साक्षीदार आहे.

मग युरोपातून ती गेली कोठे? याचे एक उत्तर चाकांत सापडते. १७३३ साली विल्यम केंट या इंग्रज वास्तुशिल्पकाराने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक नाजूक गाडी बनवली. ती बकरीने किंवा तट्टाने ओढायची होती. पुढे एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरिया राणीने आपल्या मुलांसाठी बाबागाड्या घेतल्या आणि मध्यमवर्गाला ते प्रतिष्ठेचे लक्षण वाटू लागले. मूल अंगावर बांधणे हे गरिबांचे, भटक्यांचे आणि वसाहतींतल्या 'नेटिव्ह' बायकांचे काम ठरले.

त्यावर शास्त्राचा शिक्काही बसला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ साली बालसंगोपनावर एक पुस्तक लिहिले. मुलांना कुरवाळू नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे, असा उपदेश त्यात होता. या पुस्तकाचा खप मोठा झाला. आपल्याकडच्या कोणा आजीला तो उपदेश कोणी वाचून दाखवला असता तर तिने काय म्हटले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या सगळ्याला वळण मिळाले ते आफ्रिकेत. पश्चिम आफ्रिकेतील टोगो हा चिमुकला देश १९६० साली फ्रेंचांच्या सत्तेतून स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर' ही स्वयंसेवकांची संस्था सुरू केली. तिच्यामार्फत टोगोत गेलेल्यांमध्ये अ‍ॅन मूर नावाची एक परिचारिका होती. ओहायो राज्यातल्या, साध्या राहणीचे व्रत पाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातील शेतकरी घरात ती वाढली होती आणि बालरोग हा तिचा विषय होता. ती शिकवायला गेली आणि शिकून आली. टोगोतल्या आया एक लांब सुती कापड पाठीमागून बाळाभोवती गुंडाळून छातीशी खोचतात. बाजार, शेत, पाणवठा, स्वयंपाक, सगळीकडे बाळ पाठीशी. अ‍ॅनच्या मनात एक गोष्ट राहिली: ही मुले फारशी रडत नव्हती. आजारी मुलेही आईच्या अंगाला बिलगली की शांत होत.

परत आल्यावर अ‍ॅन आणि तिचे पती माईक कोलोराडोत स्थायिक झाले आणि त्यांना मुलगी झाली. अ‍ॅनने टोगोतल्याप्रमाणे मुलीला पाठीशी बांधून पाहिले, परंतु कापड सरकू लागले. लहानपणापासून ते कसब पाहत आलेल्या बायकांच्या हातातली सफाई दोन वर्षांच्या वास्तव्यात थोडीच येणार! तिने ओहायोत आपल्या आईला, ल्यूसी ऑकरमन यांना, कळवले. ल्यूसीबाई शिवणकामात तरबेज होत्या. दोघींनी मिळून एक पिशवी बेतली. तिला खांद्याचे पट्टे होते आणि पायांसाठी मोकळी जागा होती. मूल वाढेल तसे उसवून सैल करता येतील असे टाके आणि चुण्याही तिच्यात होत्या. रस्त्यात लोक थांबवून विचारू लागले. मागण्या आल्या. ल्यूसीबाई आणि त्यांच्या शेजारच्या बाया घरबसल्या त्या शिवू लागल्या. १९६९ साली या पिशवीला पेटंट मिळाले आणि 'स्नगली' या नावाने ती अमेरिकाभर पोहोचली. १९८५ साली मूर दांपत्याने हा व्यवसाय एका मोठ्या कंपनीला विकला.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. पेटंट अमेरिकेत निघाले. टोगोतल्या ज्या आयांच्या पाठींवर ही विद्या जगली, त्यांचे नाव त्या कागदावर असणे शक्यच नव्हते. कायदा नव्या टाक्याला ओळखतो, जुन्या विद्येला ओळखत नाही. अ‍ॅन मूर यांनी मात्र हे ऋण कधी लपवले नाही. आपण हे आफ्रिकेतल्या आयांकडून शिकलो, असे त्या सांगत राहिल्या. एवढाही प्रांजळपणा व्यापारात दुर्मीळ असतो.

जर्मनीतली हकिकतही अशीच आहे. एरिका हॉफमन यांना जुळ्या मुली झाल्या. मेक्सिकोतल्या बायकांच्या 'रेबोझो' या शालीचा आधार घेऊन त्यांनी मुलींना अंगाशी बांधले आणि १९७२ साली अशी विणलेली लांब वस्त्रे विकण्यास सुरुवात केली. कंपनीचे नाव त्यांनी ठेवले 'दिदिमोस'. ग्रीक भाषेत याचा अर्थ जुळा. योहानाच्या शुभवर्तमानात थोमाला 'दिदुम' म्हटले आहे, तो हाच शब्द. आपल्या देशाच्या प्रेषिताचे टोपणनाव जर्मनीत बाळांच्या झोळीवर मिरवते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

आता वैद्यकाकडे वळू. कारण झोळीची निवड ही आवडीनिवडीच्या पलीकडची गोष्ट आहे. नवजात बाळाच्या खुब्याची खोबण उथळ आणि बरीचशी कूर्चेची असते. मांडीच्या हाडाचा गोल माथा त्या खोबणीत नीट बसून राहिला तरच ती खोल होत जाते. पाय गुडघ्यात वाकलेले आणि बेडकासारखे फाकलेले असले की माथा आत दाबला जातो. पाय सरळ ताणून एकमेकांशी बांधले की तो बाहेर सरकू पाहतो. उत्तर अमेरिकेतील नावाहो लोक आणि उत्तर युरोपातील सामी लोक बाळाला फळीवर किंवा लाकडी पाळण्यात पाय सरळ करून घट्ट बांधत. त्यांच्यात खुबा निखळण्याचे प्रमाण जास्त आढळले. आफ्रिकेत, जेथे मूल आईच्या कमरेला दोन्हीकडून पाय टाकून बसते, तेथे हा विकार विरळा.

जपानने यातून धडा घेतला. १९७५ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी देशभर मोहीम काढली: बाळाचे पाय लंगोटात किंवा दुपट्यात सरळ आवळू नका, त्यांना मोकळे वाकू द्या. पूर्वी शंभरात एकाहून अधिक बाळांना होणारा हा विकार हजारात दोन-तीनांवर आला. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. केवळ गुंडाळण्याची रीत बदलली. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला काडीसारखे सरळ गुंडाळणाऱ्या आपल्याकडील हौशी हातांनीही हे ऐकून ठेवावे. दुपटे छातीशी घट्ट असले तरी कमरेखाली सैल हवे.

म्हणूनच वाहक पिशवी घेताना पहिली नजर बैठकीवर टाकावी. बैठक एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत रुंद असावी आणि बसलेल्या बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर राहावेत. दोन पायांमधून गेलेल्या अरुंद पट्टीवर मूल टांगलेले दिसत असेल तर ती पिशवी कितीही सुंदर असो, दुसरी पाहावी. अशा पिशवीने खुबा बिघडतोच असे सिद्ध झालेले नाही. परंतु ज्या वयात सांधा घडत असतो त्या वयात त्याला चांगली बैठक देणे हातात असताना वाईट का द्यावी?

दुसरा प्रश्न श्वासाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. तान्ह्या बाळाची मान दुबळी असते आणि श्वासनलिका कोवळी. पिशवीत ते चंद्रकोरीसारखे वाकून पडले आणि हनुवटी छातीला टेकली, की श्वास कोंडू शकतो. गंभीर गोष्ट अशी की ते आवाजही करत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये इशारा दिला, तेव्हा वीस वर्षांतील किमान १४ मृत्यूंची नोंद त्याच्याकडे होती. त्यांतली १२ बाळे चार महिन्यांच्या आतली होती. त्याच महिन्यात एका कंपनीने सुमारे १० लाख पिशव्या बाजारातून परत घेतल्या. त्यानंतर तेथे सक्तीचे मानक आले ते २०१७ साली.

टोगोतल्या आयांना मानकाची गरज नव्हती, कारण त्यांची पद्धत वेगळी होती. त्यांच्या कापडात मूल उभे आणि आईच्या अंगाशी घट्ट असते. खोल, लोंबत्या पिशवीत ते बुडालेले नसते. तेव्हा बाळ उभे असावे, त्याचा चेहरा सतत दिसावा, हनुवटी आणि छाती यांमध्ये बोटभर तरी जागा असावी आणि मान खाली केली की त्याच्या टाळूचा मुका घेता यावा इतके ते वर असावे. मुदतीपूर्वी जन्मलेले, कमी वजनाचे किंवा सर्दीने चोंदलेले बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही पिशवी वापरू नये.

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांचे नाव निघाले म्हणून बोगोटाची आठवण द्यावीशी वाटते. कोलंबियाच्या त्या राजधानीत १९७८ साली डॉ. एदगार रे सानाब्रिया यांच्यापुढे पेच होता. अशक्त बाळे अनेक, उबपेट्या थोड्या. त्यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्यास सुरुवात केली. त्वचेला त्वचा, ऊब आईची, अन्न आईचे. 'कांगारू पद्धत' म्हणून आज ती भारतातील सरकारी रुग्णालयांतही पाळली जाते. मात्र ती नर्सच्या देखरेखीखाली शिकायची गोष्ट आहे, दुकानातून आणायची नव्हे.

रडण्याविषयी अ‍ॅन मूर यांना जे जाणवले होते, ते पुढे मोजलेही गेले. मॉन्ट्रियल येथे हुन्झिकर आणि बार या डॉक्टरांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या आयांना बाळ अधिक वेळ उचलून घेण्यास सांगितले होते, त्यांची बाळे सहा आठवड्यांच्या वयात इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत. वॉटसनसाहेबांचे पुस्तक तोवर अडगळीत गेले होते.

उरली उचलणाऱ्याची पाठ. तिचा विचार दुकानदार करत नाही आणि बहुधा घरचेही करत नाहीत. भार केवळ खांद्यांवर आला तर मान आखडते. मूल सहा-सात किलोंचे झाले की कमरेला रुंद पट्टा असलेली पिशवी हवी, म्हणजे वजन कमरेच्या हाडांवर उतरते. आई आणि बाबा दोघेही वापरणार असतील तर दोघांच्या मापाला बसते का, हे दुकानातच बांधून पाहावे. कापड सुती आणि हवेशीर असावे. किनारपट्टीच्या दमट उन्हाळ्यात जाड अस्तराची परदेशी पिशवी म्हणजे बाळाला घामोळ्यांचे आमंत्रण. टाके आणि कड्या दर आठवड्याला तपासाव्यात. स्वतःच्या आधाराने बसू लागलेले मूल पाठीवर घ्यावे, कारण पुढे घेतल्यास पायाखालची वाट दिसत नाही. चुलीपाशी मूल अंगावर मुळीच नको.

एक गैरसमज अलीकडे वाढला आहे. ही पिशवी बांधली की दुचाकीवर मूल सुरक्षित झाले, असे अनेकांना वाटते. पिशवी चालण्यासाठी आहे, वाहनासाठी नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना वेगळा सुरक्षा-पट्टा आणि शिरस्त्राण लागते, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. तो पट्टा मुलाच्या अंगात जाकिटासारखा घालून चालकाच्या खांद्यांशी जोडतात. दुकानात दोन्ही वस्तू एकाच खुंटीला टांगलेल्या असतात, विचारून घ्यावे.