मागाहून आलेला कायदा

कल्याणच्या शेजारी, उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या मुलखात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने सैन्याच्या मुक्कामासाठी जी छावणी उभारली, तिच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय लावण्यात आली. लांबच लांब बराकीत दोन कुटुंबांच्या संसारांमध्ये पुष्कळदा गोणपाटाचा किंवा जुन्या साडीचा पडदा एवढीच काय ती भिंत असे.

8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवून या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण केले. परंतु नामकरणाने नगराची घडी बसत नसते. नगरपालिका येण्यास 1960 साल उजाडले, आणि विस्थापितांना नुकसानभरपाई व मालकी देण्याचा कायदा 1954 सालीच झालेला असला, तरी जमिनीच्या सनदांचे काम पुढे वर्षानुवर्षे दप्तरात रेंगाळत राहिले. ज्यांचा संसार एकदा उधळला गेला होता त्यांना मात्र सरकारच्या सवडीने जगणे शक्य नव्हते. त्यांनी बराकीपुढे पडवी काढली, पडवीत पापडाचा, मिठाईचा, कपड्याचा धंदा मांडला, धंद्यावर माडी चढवली आणि मुलांची लग्ने झाली तशी माडीवर माडी. पुढे याच वहिवाटीचा लाभ व्यवहारचतुर बांधकाम व्यावसायिकांनी उठवला आणि अवघ्या 13 चौरस किलोमीटरांच्या या शहरात मंजूर नकाशावाचून पाच-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. महानगरपालिका त्यांच्याकडून कर घेत होती, नळ देत होती; नकाशा तेवढा विचारीत नव्हती.

प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले आणि न्यायालयाने 855 अनधिकृत इमारती पाडण्याचे फर्मावले, तेव्हा हजारो कुटुंबांचा आकांत पाहून राज्य शासनाने 2006 साली केवळ या एका शहरासाठी स्वतंत्र अधिनियम केला आणि 1 जानेवारी 2005 पूर्वीची बांधकामे प्रशमन शुल्क आकारून नियमित करण्याची मुभा दिली. हे वरातीमागून घोडेच होते. आणि शुल्काचा बोजा व कागदपत्रांची अडचण यांमुळे त्यावर स्वार होणारेही थोडेच निघाले.

शिवाय शुल्क भरल्याने कागद पक्का होतो, काँक्रीट नव्हे. मे 2021 मध्ये, पंधरवड्याच्या आत, नव्वदच्या दशकातील दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यांपैकी नेहरू चौकातील इमारतीत, 28 मेच्या रात्री, वरचा स्लॅब खालचे मजले भेदीत तळापर्यंत आला आणि सात जण दगावले. त्यानंतर जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीच्या नोटिसा तातडीने निघाल्या; ज्या तपासणीची खरी जागा पाया खणण्याच्या दिवशी होती, ती पाव शतकानंतर पार पडू लागली.

उशिरा आलेला कायदा बहुधा क्षमाशील असतो, कारण कठोर होण्याची वेळ त्याने स्वतःच दवडलेली असते. पण त्या क्षमेने हिशेब चुकता होत नाही. ज्या अंमलदाराने काणाडोळा केला त्याची बदली होते, ज्याने इमारत बांधली तो पैसे घेऊन मोकळा होतो आणि दिरंगाईची सारी थकबाकी अखेर आयुष्यभराची पुंजी घालून ते घर विकत घेणाऱ्याच्या नावावर निघते.