गादीवाफा आला कुठून? राब, धरण आणि मुळशीची भाजी

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

पौडच्या पुढे आता जागोजागी भाड्याने भाजीचे तुकडे मिळतात. शहरातलं कुटुंब शनिवार-रविवारी येतं, विटांच्या नाहीतर बांबूच्या चौकटीत भरलेल्या उंच मातीत मेथी, मुळा, टोमॅटो लावतं. त्याला 'रेज्ड बेड' म्हणतात आणि ती परदेशातून आलेली नवी पद्धत आहे असं सांगतात. चौकट नवी आहे, मान्य. पण आपल्याकडे त्याला गादीवाफा म्हणतात, आणि आपल्या तालुक्यात त्याच्यामागे दीडशे वर्षांचं भांडण आहे. ते कुणी सांगत नाही, म्हणून हा उद्योग.

आपल्याकडे वाफा उंच का करायचा, ते आधी बघू. थंड देशात माती लवकर तापावी म्हणून करतात. आपल्याकडे कारण पाऊस. ताम्हिणीकडून येणारा पाऊस सपाट वाफ्यात बी कुजवतो, नाहीतर वाहून नेतो. मीटरभर रुंद, वीतभर उंच वाफा केला आणि दोन्ही बाजूंनी सरी ठेवली की पाणी निघून जातं, मुळाला हवा मिळते, आणि वाफ्यावर पाय न देता दोन्हीकडून हात पोचतो. पाय पडत नाही म्हणून माती दबत नाही. एवढंच शास्त्र आहे, त्यात गूढ काही नाही.

पण आमच्या आजोबांच्या पिढीत भाताचं रोप गादीवाफ्यावर नव्हे, राबावर व्हायचं. उन्हाळ्यात शेण, ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर रोपाच्या जागेवर पसरायचे, वर माती टाकायची आणि भाजायचं. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते आणि रोप उपटताना मूळ तुटत नाही. त्यासाठी पाला लागतो, आणि पाला येतो वरकस जमिनीतून आणि जंगलातून.

भांडण सुरू झालं ते इथेच. 1878चा जंगल कायदा आला, झाडं सरकारी झाली, फांदी तोडणारा गुन्हेगार ठरू लागला. ठाणे-कुलाब्याकडे एवढा आरडाओरडा झाला की मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887चा. साहेबाचं म्हणणं, हे लोक अडाणी आहेत, जंगल जाळून भात पिकवतात. शेतकऱ्याचं म्हणणं, राब नाही तर भात नाही. मग शेतकी खात्याच्या ओझान साहेबाने राबाचे प्रयोग केले, आणि विलायतेहून आलेल्या व्होल्करने 1893च्या अहवालात मान्य केलं की ही निव्वळ उधळपट्टी नाही, जोराच्या पावसाच्या मुलखात तिला कारण आहे. पुढे 1912 साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासोबत राबावर स्वतंत्र निबंधच प्रसिद्ध केला. अडाणी म्हटलेल्या माणसाच्या शेतावर एवढे विद्वान राबले! (कोटी आपोआप झाली, माफी असावी.)

तरी राब हे महाग काम होतं हे खरंच. शेण जळायचं, डोंगर बोडका व्हायचा, बायकांच्या डोक्यावर भारे यायचे. त्याचं कौतुक मी करणार नाही. जुनं ते सगळं सोनं नसतं.

आणि मग आलं धरण. नीला-मुळेच्या संगमावर टाटांच्या वीज कंपनीने काम काढलं. 16 एप्रिल 1921ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावं आपण शाळेपासून ऐकतो. त्या लढ्यातली एक फट मात्र भाषणात कुणी सांगत नाही. जमिनी बऱ्याचशा पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या आणि कसणारे मावळे कूळ होते. सावकाराला मोबदला चालणार होता, कुळाला जमीन हवी होती. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलंय, त्यात हे सविस्तर आहे. मिळालं तर जरूर वाचा.

लढा 1924च्या सुमारास संपला. आंबेमोहोराची खोऱ्यातली खाचरं पाण्याखाली गेली. 1927पासून ते पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करायला लागलं. आपल्या वाट्याला काठाची चढाची जमीन. पावसात पाणीच पाणी, आणि समोर तलाव भरलेला असताना रब्बीच्या भाजीला घोटभर पाणी नाही. खाचर गेलेल्या माणसाला भाजीचा वाफा ही हौस नसते, हे शहरातल्या मित्रांनी लक्षात घ्यावं.

पुढे शेतकी खात्याने राबाऐवजी गादीवाफ्याचा प्रचार केला. एक हेक्टर लावणीला दहा गुंठे रोपवाटिका, हे गणित आता पोरांनाही पाठ आहे. वडगाव मावळच्या केंद्राने आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून 1987 साली इंद्रायणी दिला आणि सगळा मावळ तोच लावू लागला. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री पद्धत आली. तिचं पहिलं सूत्र म्हणजे पिकाच्या अवशेषांचा फेरवापर, गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. मला यात गंमत वाटते. आग गेली, राख परत आली. आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग आम्ही काय वेगळं करत होतो?

डोंगराच्या पलीकडे नेरळला सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफे एकदाच करायचे आणि कायम ठेवायचे. भात कापला की मुळं जमिनीतच सोडायची आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा, भाजी टोकायची. नांगर नाही म्हणून माती वाहून जात नाही. चढाच्या जमिनीला हे फार लागू पडेल असं मला वाटतं. तणनाशकाचा वापर मात्र मला खटकतो, तलावाच्या काठावर तर जास्तच. त्यावर तालुक्यात मोकळी चर्चा व्हायला हवी, ती होत नाही.

आता मुद्द्याचं. भाड्याच्या भाजीमळ्यांना माझा विरोध नाही. पोरांना मुळा मातीत येतो हे कळतंय, चांगलंच आहे. पण त्या वाफ्यांना रोज पाणी घालणारा माणूस कोण, ते एकदा विचारा. बऱ्याच ठिकाणी तो त्याच जमिनीचा जुना मालक नाहीतर त्याचा मुलगा निघतो, आता पगारावर. शंभर वर्षांपूर्वी कुळाला जो प्रश्न पडला होता, तोच आता त्याच्या पणतवंडाला पडलाय: मोबदला घेऊ का जमीन ठेवू? फरक इतकाच की या वेळी सही करायला कुणी सावकार नाही, सातबारा आपल्याच नावावर आहे. हिंजवडीही आपल्याच तालुक्यात आहे, तिथे भाताची खाचरं पाहिलेली माणसं अजून हयात आहेत.

बचत गटांनी आणि ग्रामपंचायतींनी हे भाजीमळे स्वतः चालवायला काय हरकत आहे? जमीन विकायची नाही, वाफा भाड्याने द्यायचा. गिऱ्हाईक दारात आहे. अडचण रब्बीच्या पाण्याची, आणि ती मागणी ग्रामसभेच्या ठरावात लिहूनच पुढे गेली पाहिजे.

एक विनंती. तुमच्या गावात राब भाजायला कुठल्या झाडाचा पाला आणायचे, रोपाला काय म्हणायचे, त्या जागेवर पावसाळ्यानंतर कुठली भाजी व्हायची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मला लिहून पाठवा. वाडीचं नाव आठवणीने टाका.