ऋषीच्या भाजीचे वय

मराठी पानात भाजीची जागा ठरलेली आहे, उजव्या हाताला आणि बेताचीच. ‘आज भाजी काय?’ असे आपण रोज विचारतो खरे, पण पोट भरते ते भाताने, भाकरीने. भाजी तोंडी लावायची. धान्याला पानावरून उठवून तिथे भाजीला बसवणारा सण मला एकच सापडतो. तो म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीचा, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशीची ऋषिपंचमी.

बाकीच्या ऋतूंच्याही भाज्या ठरलेल्या आहेत. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्यावांग्यांचा चातुर्मासापुरता निरोप. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगे पुन्हा घरात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला ओला हरभरा, पावटा, गाजर, वांगी आणि तीळ एकत्र शिजतात. उन्हाळ्यात फणस, नाहीतर कडधान्ये आणि सांडगे. पण भोगीच्या भाजीलाही बाजरीची भाकरी लागतेच. ऋषीची भाजी मात्र कुणाच्या आधाराने उभी नाही.

राजांच्या पाकशाळेचे वर्णन ग्रंथांत मिळते. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे प्रकरणच लिहिले. घरच्या बायकांच्या भाजीची तशी नोंद कुणी ठेवायची? तिचा माग काढायचा तर मसाल्याच्या डब्यापेक्षा नियमाच्या वाटेने जावे लागते, आणि नियम बराच जुना आहे. वनात राहणाऱ्या वानप्रस्थाने नांगरलेल्या जमिनीतले खाऊ नये, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. ऋषिपंचमीच्या संस्कृत व्रतकथेत हाच नियम एका दिवसापुरता गृहिणीला लावला आहे. तिने शाक खावे, सावा खावा किंवा नीवार खावा, नांगरटीचे खाऊ नये. नीवार म्हणजे पाणथळीत आपोआप उगवणारे भात. आपल्याकडे त्याला देवभात म्हणतात. हल्ली बहुतेक घरांत त्याच्या जागी वरीचे तांदूळ असतात.

मराठी घरात मात्र हा नियम कुणी नांगराच्या भाषेत सांगत नाही. आपण म्हणतो, ‘बैलाच्या कष्टाचे खायचे नाही.’ हा बैल आला कुठून? व्रताच्या कहाणीतून, असे मला वाटते. त्या कहाणीत आई मरून मुलाच्याच दारी कुत्री होते आणि बाप त्याच घरी बैल होतो. बापाच्या श्राद्धाच्या दिवशी खिरीत सर्पाचे गरळ पडते. ते पाहून कुत्री खिरीला तोंड लावते, म्हणजे ब्राह्मणांचा जीव वाचावा. सून तिला मारते. रात्री ती बैलापाशी रडते, तेव्हा तो सांगतो की मलाही आज उपाशीच राबवले. मुलगा हे ऐकतो आणि आईबापांच्या सुटकेसाठी व्रत करतो. पोथीच्या शब्दांत नांगर होता, ऐकणाऱ्या बाईच्या मनात राहिला तो उपाशी बैल.

कहाणीतला आईचा अपराध कोणता? विटाळशी असताना तिने घरात शिवाशीव केली. हे कारण मला कधीच पटलेले नाही, आणि ते झाकून ठेवून या भाजीचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बायकांच्या शरीराला दोष देणारे व्रत बायकांनी शतकानुशतके पाळले, आणि पाळताना परसातल्या अळूची, माठाची, अंबाडीची ओळख लेकीसुनांकडे दिली. दोन्ही गोष्टी एकाच पातेल्यात आहेत.

आता त्या पातेल्यात काय काय पडते ते पाहू. अळूची पाने, देठ आणि कांदे, सुरण, पडवळ, शिराळे, काकडी, लाल माठाचे जाड देठ. ही मंडळी इकडची जुनी. त्यांच्या शेजारी मक्याच्या कणसाचे तुकडे, लाल भोपळा, ओले शेंगदाणे, हिरवी मिरची. हे चौघेही मूळचे अमेरिकेतले. कोलंबस तिकडे पोहोचला 1492 मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये. म्हणजे ऋषींनी यातले काहीही पाहिले असणे शक्य नाही. उलट, वांगे पक्के इथलेच, पण चातुर्मासामुळे ते दाराबाहेर!

म्हणून मका काढून टाकून भाजी ‘शुद्ध’ करावी, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. पीक कोणत्या देशातून आले हे या नियमाने कधी विचारलेच नाही. ते कुणाच्या कष्टाने आले, एवढेच विचारले. भोपळ्याचा वेल आणि मक्याची चार ताटे परसात कुदळीने, बाईच्या हाताने लावता येत होती. तेवढ्यावर त्यांना प्रवेश मिळाला.

करण्याची रीतही नियमाला धरूनच आहे. तेलबिया शेतातल्या आणि तेलाचा घाणाही बैलाचा, म्हणून जुन्या रीतीत फोडणी नाही. आधी कणसे, दाणे, सुरण आणि माठाचे देठ शिजत ठेवायचे, मग भोपळा, शिराळे, पडवळ, शेवटी पाने. भाज्यांना आपलेच पाणी सुटते, वरून फार घालावे लागत नाही. अळू-सुरणाची खाज मोडायला चिंच किंवा आंबट अंबाडे हवेतच. मीठ, मिरची, ओले खोबरे घातले की झाले. मसाला नसल्याने प्रत्येक भाजीची चव वेगळी लागते, आणि एखादी जून निघाली तर तीही लपत नाही.

शहरात आता या भाज्यांचे मिसळलेले वाटे विकत मिळतात. त्यांचे शेत ट्रॅक्टरने नांगरलेले असते. नियम अक्षरशः पाळायचा तर बैलाचे कष्ट त्यात नाहीत, आणि पोथीतला नांगर मात्र आहे. यावर शास्त्रार्थ करायला कुणी बसलेले मी पाहिले नाही. आमच्या घरी व्रत सुटून बरीच वर्षे झाली, भाजी चालू आहे, आणि पुरुष ती दोनदा मागून घेतात. तिला वेळ मात्र फार लागतो. अळूचे आणि माठाचे देठ सोलायचे असतात, म्हणून ते काम चतुर्थीच्या रात्री, आरती झाल्यावर, सगळ्यांना ताटे देऊन उरकून घ्यावे लागते.